तिसऱ्या श्राद्धापर्यंत मुदत

तमाम वाचकांस, त्यांच्या वारसांस, मुखत्यारांस, भाडेकरूंस आणि हा अंक शेजाऱ्याकडून उसना आणून वाचणाऱ्यांस या जाहीर नोटिशीने कळवण्यात येते की, काळ कुणासाठीही थांबत नाही. राजासाठी नाही, रंकासाठी नाही, आणि ज्याचा जावई कलेक्टर कचेरीत आहे त्याच्यासाठी तर नाहीच नाही. मात्र सदर काळ कोर्टाच्या सुट्टीत दारापाशी थोडा टेकतो, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. याबाबत कुणाची काही हरकत असल्यास ती मुदतीत कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतीला फार तर कॉफी पाजली जाईल.

हसू नका. या नोटिशीवर माझी वकिली चालली.

मी मूळची मिरजेची. लग्न करून मद्रासला आले, नवरा रेल्वेत. तो रेल्वेची वेळ सांभाळायचा आणि घरी उशिरा यायचा, म्हणून मी कायदा शिकले. जॉर्ज टाउनमध्ये एका घाऊक मिरचीवाल्याच्या दुकानावर आमच्या सरांचं ऑफिस होतं. तिथे सगळे पक्षकार डोळे पुसतच जिना चढायचे आणि नवख्याला वाटायचं, काय ही बिचाऱ्यांची दुःखं! सर तमिळ, अतिशय हुशार आणि अतिशय विसरभोळे. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "कायदा मी बघतो. तारखा तू बघ." तेव्हापासून मी ऑफिसातली चित्रगुप्त. कुणाचं आयुष्य कधी संपणार ते मला ठाऊक नसायचं, पण कुणाचा हक्क कधी संपणार ते तोंडपाठ असायचं.

आता धंदा समजावून सांगते. जमीन दोनदा असते. एकदा जमिनीवर आणि एकदा सरकारच्या दप्तरात. दोन्हीकडे ती तुमचीच असेल तर तुम्ही भाग्यवान, आणि मला तुमचा काही उपयोग नाही. पण सरकार अधूनमधून नव्याने मोजणी करतं. साखळी घेऊन माणसं येतात, ऊन फार असतं, कुठे कुत्रं भुंकतं, कुठे घरमालक जेवत असतो. आणि एक दिवस जाहीर होतं की अमुक घर अमक्याचं, पण त्याच्या मागचं अंगण सरकारी पडीक. या सरकारी पडीक जमिनीला तमिळमध्ये पोरंबोक्कु म्हणतात. चेन्नईच्या रस्त्यावर हीच शिवी म्हणूनही चालते, त्यामुळे मोजणीचा निकाल ऐकून पक्षकार नक्की सरकारला बोलतोय की जमिनीबद्दल, हे आम्हाला नीट विचारून घ्यावं लागे.

हा निकाल मान्य नसेल तर दिवाणी कोर्टात दावा लावता येतो. पण निकाल जाहीर झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. त्यानंतर तुमच्या आजोबांनी ती जमीन स्वतःच्या हातांनी समुद्रातून वर काढली असली तरी काही चालत नाही.

तीन वर्षं म्हणजे पुष्कळ, असं तुम्हाला वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं. तिथेच तर गंमत आहे. आमच्या खालच्याच बाजारातला एक व्यापारी दरवर्षी जिना चढून यायचा. "वकीलम्मा, माझ्या गोडाऊनच्या प्लॉटची मुदत किती राहिली?" मी सांगायची, दोन वर्षं. "मग ठीक!" म्हणून आनंदाने खाली उतरायचा. पुढल्या वर्षी, एक वर्ष राहिलं. "मग ठीक!" त्यानंतर मी दोनदा निरोप धाडले, तर हा मुलीच्या लग्नात. सगळं आटोपून उगवला आणि विचारलं, आता किती? मी म्हटलं, "अण्णा, संपून चार महिने झाले." त्याने क्षणभर विचार केला आणि समाधानाने मान हलवली. "म्हणजे आता घाईच नाही म्हणा!"

पण सगळेच असे हसवत जात नाहीत. इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूचे एक म्हातारे शाळामास्तर आले होते. तिकडे कारखाने येऊ लागले, जमिनीला भाव आला, आणि मास्तरांचा भातखाचराचा तुकडा मोजणीत सरकारी ठरला. बसने आले, दोन बस बदलून, सोबत घरच्या केळ्यांची फणी. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता मी मनातल्या मनात हिशेब केला. मुदत आदल्या दिवशी संपली होती. कालच्या दिवशी! कोर्ट काल उघडं होतं, मी काल इथेच बसले होते. मास्तर काल नातवाच्या शाळेत गेले होते. मी सगळी पुस्तकं उलटीपालटी केली, सरांना जेवणावरून उठवलं. त्यांनाही वाट सापडली नाही. शेवटी मास्तरांनीच माझ्या टेबलावर थोपटलं आणि म्हणाले, "परवायिल्लै, मा." असू दे, पोरी. वर केळी ठेवून गेले. ती फणी टेबलावर काळी पडली, पण कुणी तिला हात लावला नाही. आजही कुणी "उद्या जाऊ की" म्हटलं की मला ती केळी दिसतात.

आता तुळजाबाई.

दोन हजार सालानंतरचं दशक संपत आलं होतं. मे महिन्याची सुट्टी लागून कोर्टं बंद होती आणि सोमवारी उघडायची होती. शनिवारी मिरच्यांच्या खकाण्यातून एक सत्तरीच्या बाई जिना चढून आल्या. नऊवारी नव्हे, सहावारी, पण डोक्यावर पदर. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. मागे त्यांचा पुतण्या गोविंद, बँकेत कारकून, चेहऱ्यावर 'मी सांगत होतो कशाला कोर्ट' असा भाव. बाईंनी सरांकडे पाहिलंही नाही. सरळ माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मराठी म्हणे. मज बरें वाटलें."

ही तंजावरची मराठी. शब्द माझ्या खापरपणजीचे आणि चाल तमिळ. ती कानावर पडली की मला घरी कुणीतरी मूठभर पोहे हातावर ठेवल्यासारखं होतं. मी खुर्ची सोडून त्यांच्या बाजूला जाऊन बसले.

हकीकत अशी. चेन्नईच्या कडेला अंबत्तूरला त्यांचं छोटं घर, मागे परसात विहीर. नवरा, रघुनाथराव, जवळच्या आवडी नावाच्या गावी कारखान्यात कामाला. रविवारी रविवारी खणून त्यांनी ती विहीर काढली होती. शहरात पाण्याचा दुष्काळ पडला, लोक लॉरीच्या मागे घागरी घेऊन धावू लागले, तेव्हा अख्खी गल्ली या विहिरीवर जगली. मोजणीत घर बाईंचं राहिलं आणि परस सरकारी वाट ठरली. मागच्या वर्कशॉपवाल्याला त्या वाटेने ट्रक आत आणायचे होते. विहीर बुजवायला माती कधी टाकू, हे विचारायला तो दोनदा येऊनही गेला होता.

"हे सगळं कधी जाहीर झालं?" मी विचारलं.

"सकाळी कागद आला. त्यांनी वाचला, चष्मा घडी करून ठेवला, विहिरीवर आंघोळ केली. दुपारी गेले." बाईंनी बाटलीचं झाकण फिरवलं. "विहिरीचा नि त्यांचा दिवस एकच. म्हणून मज चुकत नाही. तीन वर्षें मुदत, असें सगळे सांगतात. तीन वर्षें म्हणजे तीन श्राद्धें. परवा तिसरें. म्हणून आज आले."

"मग इतके दिवस का नाही आलात?"

"पहिलें वर्ष दुःखाचें, त्यांत नवें काही करूं नये. दुसरें वर्ष मुलाचें ऐकण्यांत गेलें, तो अमेरिकेंत, म्हणतो विकून टाक. तिसरें वर्ष हा." त्यांनी न पाहता पुतण्याकडे हात केला. गोविंद छताकडे बघू लागला.

मी हसले आणि हसता हसता गार झाले. तीन श्राद्धं! श्राद्ध तिथीला. कायदा तारखेला. कायद्याला वैशाख वद्य दशमी कळत नाही, आणि त्या साली वैशाख अधिक होता. अधिक महिना आधी येऊन बसला आणि खऱ्या वैशाखातली तिथी जवळजवळ महिनाभर पुढे ढकलली गेली. म्हणजे बाईंचं तिसरं श्राद्ध परवा होतं, पण त्यांची तीन वर्षं मे महिन्यातच पुरी झाली होती. शेजारच्या तमिळ बाईने कधी असा घोळ घातला नसता. त्यांचे महिने सूर्याचे, ठाकठीक. आमची माणसं चंद्र धरून चालणारी. दोनशे-तीनशे वर्षं कावेरीकाठी राहून भात-सांबार अंगवळणी पडलं, पण महिने चंद्राचेच राहिले. आणि मुदतीला सुतक नसतं, श्राद्ध नसतं, अधिक महिनाही नसतो.

मला टेबलावर केळी दिसू लागली.

आणि मग, माझ्या वाचकहो, मी अशी काही ओरडले की खालचा मिरचीवाला शिंकायचा थांबला. "सर! मे! मे महिना!"

सरांना वाटलं मला उन्हाळा बाधला. पण मुद्दा असा की, मुदतीचा शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत पडला, तर कायदा म्हणतो, ठीक आहे, कोर्ट उघडेल त्या दिवशी या. त्याच दिवशी हं, दुसऱ्या नाही. कोर्ट उघडणार सोमवारी. बाईंचं श्राद्ध सोमवारी. गणित साफ चुकलं होतं आणि उत्तर बरोबर आलं होतं! शाळेत माझ्या बाबतीत नेहमी उलटं व्हायचं.

"बरोबर आहे ना माझें?" बाईंनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. "अगदी बरोबर," मी म्हणाले. पंचांगावरचा त्यांचा विश्वास उडवायला मला कुणी फी दिली नव्हती.

रविवारभर आम्ही दावा लिहिला. सरकारवर दावा लावायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. तेवढा वेळ नसेल तर कोर्टाकडे सूट मागायची, तोही अर्ज केला. टायपिंग संपेस्तोवर दिवेलागण झाली. आता फक्त बाईंची सही हवी होती आणि पूनमल्लीच्या कोर्टात काउंटर बंद व्हायच्या आत कागद पोचायला हवे होते. मी ठरवलं, सोमवारी सकाळी अंबत्तूरला जायचं, सही घ्यायची आणि पुढे सुटायचं. कॉफी पिण्याइतकं सोपं.

सोमवारी काळा कोट घालून मी बाईंच्या दारात उभी राहिले. रिक्षावाला सेल्वम बाहेर इंजिन चालूच ठेवून. आतून आवाज आला, "तिथेंच थांबा! शिवूं नका!"

बाई सोवळ्यात. ओलेती साडी, चुलीवर श्राद्धाचा स्वयंपाक. कागद, पेन, शाईचा पॅड, मी, यांतलं काहीही त्यांना शिवता येणार नव्हतं.

"बाई, फक्त एक सही!"

"त्यांचें जेवण झाल्यावांचून मी कशास हात लावत नाही. आजन्म नाही लावला, आज लावूं?"

"पण ही त्यांचीच विहीर आहे ना!"

"म्हणूनच. आधी ते जेवूं देत."

युक्तिवादात मी सहसा हरत नाही. इथे उंबऱ्याबाहेरच हरले. कोट काढून ओसरीवर बसले. गोविंद श्राद्धाला बसला होता, भटजी मंत्र म्हणत होते, सेल्वम दर थोड्या वेळाने डोकावून "अम्मा, पोलामा?" विचारत होता. निघायचं का म्हणे! मी त्याला बाई आत पडवळ चिरताहेत ते बघत बसायला सांगितलं.

स्वयंपाकघरातून बाई मध्येच माझ्याशी बोलायच्या. रघुनाथराव जेवायला फार सावकाश होते म्हणे. एकेक घास दहादा चावायचे. कारखान्याचा भोंगा होई, शेजारचे सगळे सायकली काढून धावत, आणि हे आपले रसमभातात बोट फिरवत बसलेले. "माझी सासू सांगायची, जेवत्या माणसास घाई करूं नये. चाळीस वर्षें केली नाही. दारांत त्यांची सायकल धरून उभी राहायची, पण तोंडातून शब्द नाही." आणि मग हलकेच, "त्या दुपारीही तसेच जेवले. सावकाश."

मी घड्याळ बघणं थोडा वेळ बंद केलं.

श्राद्ध आटोपलं. केळीच्या पानावर भाताचा घास घेऊन गोविंद परसात गेला आणि विहिरीच्या काठावर ठेवला. आम्ही सगळे मागे. आता कावळा यायचा, घास घ्यायचा, की ब्राह्मण जेवणार, बाई मोकळ्या होणार आणि सही करणार. वर्कशॉपच्या पत्र्यावर चार कावळे बसले होते. एकही हलेना.

भटजी म्हणाले, "मन कशात तरी अडकलंय त्यांचं."

गोविंद हात जोडून म्हणाला, "काका, मुलगा पुढच्या वर्षी नक्की येईल." कावळ्यांना अमेरिकेत रस नव्हता. मग तो म्हणाला, "काका, यापुढे काकूंना मी अडवणार नाही, कोर्टात सोबत जाईन." एका कावळ्याने मान वाकडी केली. बस्स.

मग मी पुढे झाले. वकील आहे, बाजू मांडणं माझं काम. पत्र्याकडे तोंड करून, हात जोडून, उभ्या आयुष्यात कुठल्या न्यायमूर्तींसमोर बोलले नसेन अशा नम्रतेने मी सांगितलं की दावा तयार आहे, मुद्दे भक्कम आहेत, विहीर जाऊ देणार नाही, आपण कृपा करून दोन शितं घ्यावीत. सेल्वमने कुंपणावरून टाळी वाजवली. कावळ्यांनी माझा अर्ज फेटाळला.

ऊन चढत होतं. काउंटर बंद व्हायची वेळ जवळ येत होती. मी मनात पूनमल्लीच्या रस्त्यावरचे सिग्नल मोजत होते, आणि मास्तरांचा आवाज ऐकत होते: असू दे, पोरी.

कावळा आला. कसा आला ते मी आत्ता सांगत नाही; महत्त्वाचा साक्षीदार शेवटी उभा करायची माझी जुनी खोड आहे. तो आला, घास उचलला, विहिरीच्या रहाटावर बसून खाल्ला. बाईंनी ओले हात पदराला पुसले आणि विहिरीच्या काठावरच कागद ठेवून सही केली. तमिळमध्ये. मराठी त्यांना बोलण्यापुरती आणि देवाशी भांडण्यापुरती. लिहायला शाळेत तमिळच. दाव्याच्या शेवटच्या पानावर पाण्याचा एक थेंब पडला आणि तिथली शाई जरा पसरली. सेल्वमने रिक्षा अशी चालवली की पूनमल्ली येईपर्यंत मला सगळे देव मराठीत आणि तमिळमध्ये आठवले. काउंटरवरच्या माणसाने कागद हाती घेतले, तारखेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सुट्टीत संपली होती मुदत?" मी म्हटलं, हो. "आजच शेवटचा दिवस?" मी म्हटलं, हो. "मग सकाळी का नाही आलात?" मी म्हटलं, "पक्षकाराचे यजमान जेवत होते." त्याने शिक्का मारला.

पुढे दावा कित्येक वर्षं चालला. सरकारी वकिलांनी मुदतीचा मुद्दा काढला, सरांनी सुट्टीचं कलम पुढे केलं आणि तो मुद्दा तिथेच बसला. गोविंद शब्दाला जागला. दर तारखेला काकूंच्या मागे छत्री धरून उभा असायचा. निकाल बाईंच्या बाजूने लागला. परस त्यांच्या नावावर आलं, ट्रकला दुसरीकडून वाट मिळाली, विहीर राहिली. मी पेढे घेऊन गेले, तर बाईंनी आधी विहिरीचं पाणी दिलं, तांब्याभर, गार. मी भराभर पिऊ लागले तर म्हणाल्या, "सावकाश." मी सावकाश प्यायले.

आज त्या नाहीत. लोक मला विचारतात, इतकी वर्षं वकिली केलीत, कोर्टात ऐकलेलं सगळ्यात प्रभावी बोलणं कुणाचं? मी मोठमोठ्या वकिलांना ऐकलंय. पण मला आठवतं ते कोर्टात झालंच नव्हतं. ते अंबत्तूरच्या परसात झालं, जेव्हा गोविंदची आश्वासनं संपली होती, माझा अर्ज फेटाळला गेला होता, भटजी डोळे मिटून बसले होते, आणि चाळीस वर्षं ज्यांच्या तोंडातून घाईचा एक शब्द निघाला नव्हता त्या तुळजाबाई ओलेत्या साडीनिशी आम्हाला बाजूला सारत विहिरीपाशी गेल्या, कमरेवर हात ठेवले, आणि पत्र्यावरच्या त्या चौघांतल्या एकाकडे नेमकं बघत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या:

"अहो, आटपा की जेवण! कोर्ट मिटतें आहे तिकडे!"